गुरुजीचा भूगोल अन् कॅनडाचा जावई

…अन् वरून गुरुजी मलेच म्हणते, "बबनराव, तुम्ही शेजारी असून सांगतलं काऊन नाई?" अरे सांगतलं ना बाप्पा! सांगतलं होतं, पण ऐकते कोण? चाळीस पाहुण्यांसमोर भलत्याच माणसाच्या कपाळाले टिळा लागला, त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली गुरुजीनं, हातात नारळ देल्ला गुरुजीनं, अन् चूक कोणाची? बबनरावची! काऊन? तं म्हणे तुमची-आमची भिंत एक आहे! भिंत एक आहे म्हणून काय अमेरिकेचा कोणता अन् कॅनडाचा कोणता हे मी ठरवाचं? मी कापूस अन् तूर करणारा माणूस. भूगोल कोणी शिकवला? गुरुजीनं शिकवला ना, एकतीस वर्षं!

थांबा, तुम्हाले पहिल्यापासून सांगतो, नाई तं तुम्हीही मलेच नाव ठेवसान.

गुरुजी म्हणजे आमचे अच्युत गुरुजी. आमच्या आंजी गावात तुम्ही कोणत्याही चाळीस-पन्नाशीच्या माणसाले इचारा, भूगोल त्यानं गुरुजीच्याच हातचा खाल्ला असन, अन् छडीही. नद्या, डोंगर, राजधान्या तं ते शिकवतच, पण त्याहिचा खरा जीव होता माणसावर. कोणत्या देशाचा माणूस कसा! हे पुस्तकात नव्हतं बरं, हे गुरुजी वरून शिकवत, टेबलावर पट्टी आपटून. "लिहा! जपानी मनुष्य, वेळेचा पक्का. जर्मन मनुष्य, कडक. अमेरिकन मनुष्य, मोठ्यानं बोलतो, ओळख नसताना गळ्यात पडतो, सगळ्यात पहिला नंबर त्यालाच पाहिजे! कॅनेडियन मनुष्य, अत्यंत नरम. त्याच्या पायावर तुम्ही पाय दिला तर सॉरी कोण म्हणतो? तो म्हणतो!" आम्ही लिहून घेतलं. परीक्षेत कधी आलं नाई, पण लिहून घेतलं. अन् गुरुजी स्वतः कुठवर गेलते? भोपाळ! तेही एका वरातीत, अन् वापस येताना गाडी चुकली.

तं या गुरुजीची एकुलती एक पोरगी, सुरभी. लय हुशार. शेतीतलं शिक्षण घेतलं, मातीचं काहीतरी, अन् गेली थेट कॅनडात. सास्काटून म्हणून गाव आहे. नाव ऐकलं तवा माह्या बायकोले, धुरपताले, वाटलं का पोरीले शिंक आली. चार वर्षं झाले तिकडं. अन् मागच्या दिवाळीनंतर एक दिवस फोन आला. आता गुरुजीचा फोन असते स्पीकरवर, आवाज पुरा वाढवून. मले काही कान लावा लागत नाई, मी आपल्या घरी चहा पीत बसलो का साऱ्या बातम्या येते. तं पोरगी म्हणे, "बाबा, मले लग्न कराचं आहे. मुलगा इकडचा आहे."

झालं! तिकडं गुरुजीच्या बायकोचा, पद्मावैनीचा, पोळीवरचा हात थांबला, अन् इकडं माहा चहा थांबला. मंग गुरुजीनं एकच प्रश्न इचारला. एकच! पोराचं शिक्षण नाई, नोकरी नाई, मायबाप नाई. म्हणे, "अमेरिकन तं नाई ना?"

"नाई बाबा, कॅनडाचाच आहे."

"मंग चालते!"

अरे चालते म्हणजे? पद्मावैनी म्हणे, "अहो, नाव तं इचारा!" इचारलं. पोरगी म्हणे, "रॉस." गुरुजी म्हणे, "काय? रस?" "रॉस, बाबा, रॉस! अन् त्याच्यासंगं टिम म्हणून मित्र येणार आहे, तो अमेरिकेचा, त्याले सेवाग्रामचा आश्रम पाहाचा आहे, तिघंही जानेवारीत येतो." गुरुजी म्हणे, "हव हव!" आता हे 'हव हव' ध्यानात ठेवा, साऱ्या भानगडीचं मूळ तिथं आहे.

फोन ठेवला अन् गुरुजी आले ना भिंतीपाशी. "बबनराव! जावई कॅनडाचा! नरम देश आहे! भांडण माहीत नाई त्याहिले! पोरगी सुखात राहीन." पंधरा दिवसात साऱ्या आंजीले कॅनडा पाठ झाला. पानटपरीवर, दूध डेअरीवर, जिथं जाईन तिथं गुरुजी कॅनडा सांगून राह्यले. "अमेरिकन असता तं मी दारात उभा नसतो केला. आवाज ऐकूनच परत पाठवला असता." लोक ऐकत. ऐकणार नाई तं काय? गुरुजीनं भूगोल शिकवला ना, एकतीस वर्षं!

आली बाप्पा ती जानेवारी. सकाळी दहा वाजता गाडी आली नागपूरहून. गुरुजी दारात, पांढरा झब्बा, इस्तरीची टोपी. पद्मावैनीच्या हातात भाकरतुकडा. मी बाजूले, धुरपता मागं, अन् त्याच टायमाले रस्त्यावरून कापसाचा ट्रॅक्टर चाललेला, त्यावर गाणं लावलेलं. पोरगी उतरली, मायच्या गळ्यात पडली. मंग दोघं उतरले.

एक जण, तुम्हाले काय सांगू, सव्वासहा फूट! तांबडी दाढी, खांदे असे का गाडीचं दार अपुरं पडे. उतरला अन् दोन्ही हात जोडून ओरडला, "नमस्कार बाबा! कसे आहात!" अरे लिंबावरच्या साळुंक्या उडाल्या! धुरपता म्हणे, माहं काळीज उडालं. अन् मंग आला तो सरळ, गुरुजीचा हात दोन्ही हातात धरून असा हालवला, असा हालवला, का इस्तरीची टोपी तिरपी झाली.

अन् दुसरा? दुसरा आपला हडकुळा, चष्मा, टोपी हातात, खाली मान. आमचं कुत्रं त्याहिच्या उंबऱ्यात आडवं पडलेलं असते नेहमी, तं हा त्याच्यावरून टांग टाकून जाऊन राह्यला अन् जराशी शेपटी लागली पायाले. तं हा थांबला, वाकला, अन् कुत्र्याले म्हणे, "सॉरी."

गुरुजीनं मले अशी कोपरखळी मारली का बरगडी आठ दिवस दुखली! "पाह्यलं? पाह्यलं? कुत्र्याले सॉरी! बबनराव, कॅनडा!"

मी म्हटलं, "अन् तो मोठा?"

"तो? दुरून ओळखू येते. अमेरिका!"

"पण गुरुजी, पोरीनं आत्ताच नावं सांगतली, पण ट्रॅक्टरच्या गाण्यात मले ऐकू आली नाई, हा कोण अन् तो कोण…"

"नावाचं काय घेऊन बसले? लक्षणं पाहा, लक्षणं!"

पोरगीही अशी शहाणी, का गावात काही वावगं दिसू नये म्हणून दोघांपासून चार हात दूर. एकाहीकडं सरळ पाहे नाई. मायसंगं आत जाऊन बसली ते बसलीच.

मंग सुरू झाला पाहुणचार. चष्मेवाल्याले गादीची खुर्ची, दाढीवाल्याले प्लास्टिकचा स्टूल. चष्मेवाल्यापुढं गोरसपाक बिस्किटाची बशी, दाढीवाल्यापुढं उरलेले मुरमुरे. जेवाले वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, कांद्याची पात, अन् हिरव्या मिरचीचा ठेचा. दाढीवाल्यानं ठेचा घेतला का मुठीएवढा! आम्ही सारे पाहून राह्यलो. चेहरा लाल, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, अन् तरी हा टेबलावर हात मारून ओरडते, "एक नंबर!" गुरुजी माह्याकडं वाकले. "ऐकलं? एक नंबर! अमेरिकन माणसाले पहिल्या नंबरशिवाय जमतच नाई." अन् तिकडं चष्मेवाला दोन बोटानं भरीत खाऊन राह्यला, वैनीनं वाढलं तरी सॉरी, नाई वाढलं तरी सॉरी, पाण्याचा गिलास हातातून निसटला तं गिलासाले सॉरी. गुरुजी त्याच्याकडं असे पाहे, जशी पोळ्याले माय बैलाकडं पाहते!

पण तिथंच माह्या ध्यानात आलं बरं का! दाढीवाल्याचा ठसका काही थांबे नाई, तं सुरभीनं त्याच्याकडं न पाहता, मायसंगं बोलता बोलता, दह्याची वाटी अशी हळूच सरकवली त्याच्या ताटापाशी. अन् त्यानं न पाहता उचलली. बस! धुरपतानं माह्याकडं पाह्यलं, मी धुरपताकडं. पस्तीस वर्षं संसार केला आम्ही, आम्हाले दह्याची वाटी समजत नाई?

जेवणं झाल्यावर मी गेलो गुरुजीपाशी. अंगणात खाटेवर बसलते. मी डाव्या बाजूनं बसलो, चार लोक होते म्हणून आवाज कमी केला, अन् कानात स्पष्ट सांगतलं, "गुरुजी, गडबड आहे. जावई तो मोठा दिसते. दाढीवाला. उद्याच्या कार्यक्रमाआधी एकदा पोरीले इचारून घ्या." गुरुजीनं मान हालवली. "हव हव." आता हे सांगणं नाई तं काय आहे? सांगा! मले वाटलं झालं, आपलं काम झालं, मी घरी जाऊन पडलो.

अन् तो दाढीवाला! तो दिवसभर गुरुजीची पाठ सोडे नाई. गुरुजी खाटेवर बसले का हा उजव्या बाजूनं येऊन बसे. गुरुजी उठून ओट्यावर गेले का हा ओट्यावर, उजवीकडं. "अमेरिकन माणसाचं असंच, जाईन तिथं घुसते," गुरुजी पुटपुटे. पण मी भिंतीवरून पाहून राह्यलो, संध्याकाळी मजाच झाली. त्यानं अंगणातलं ढेकूळ उचललं, हातात फोडलं, वास घेतला, अन् ओरडला, "बाबा! माती काळी! काऊन?" पोरीनं शिकवलं असन, पण 'काऊन' म्हटलं त्यानं, 'का' नाई! झालं, गुरुजीची कळ दाबली गेली. काडी घेतली अन् जमिनीवर आकृती काढाले लागले. ज्वालामुखी, लाव्हा, त्याचे थर, त्याची झीज, सारं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. तो मधात मधात ओरडून इचारे, गुरुजी त्याच्यापेक्षा मोठ्यानं सांगे, दोघंही उकिडवे, दोघाहिचे हात मातीनं भरलेले. गुरुजीले मी इतकं हसताना किती वर्षात पाह्यलं नव्हतं! अन् मंग एकदम गुरुजीच्या ध्यानात आलं का हा तं अमेरिका आहे. उठले, हात झटकले, तोंड पाडलं. "बबनराव," म्हणे, "माणूस वाईट नाई हो. पण अमेरिकन पडला ना!" इतका जीव हळहळला त्याहिचा! पण काय करतीन? भूगोल म्हणजे भूगोल. गुरुजीनं शिकवला ना, एकतीस वर्षं!

दुसऱ्या दिवशी अकराले कार्यक्रम. साक्षगंध म्हणजे साखरपुडा नाई बरं, तो पुढं मोठा कराचा, आत्ता फक्त सुपारी फोडाची अन् पोराले टिळा. कारंज्याहून गुरुजीचे मोठे भाऊ अण्णाजी आलते, त्याहिच्या हातानं टिळा. चाळीस-पन्नास लोक, सतरंज्या, पोहे, चहा. पद्मावैनी अन् सुरभी आत, साडी नेसणं चालू. दाढीवाला? तो मागं चुलीपाशी आचाऱ्याले लाकडं फोडून देऊन राह्यला! अन् गुरुजी उभे राह्यले, घसा साफ केला, अन् चालू! कॅनडाचं क्षेत्रफळ, कॅनडाची लोकसंख्या, कॅनडातले गहू, अन् कॅनडाचा मनुष्य! अन् मंग चष्मेवाल्याचा हात धरला अन् आणून बसवला पाटावर.

आता तो बिचारा काय समजे? आदल्या दिवशी दुपारून सेवाग्रामले गेला होता तं तिथं कोणीतरी त्याच्या गळ्यात सुताची गुंडी घातली होती, त्याले वाटलं आंजीतही सत्कार आहे! बसला गुपचूप. अण्णाजीनं टिळा लावला. "सॉरी," तो म्हणे. गुरुजी लोकांकडं वळले, "ऐकलं ना?" टाळ्या! टोपी ठेवली. "सॉरी." टाळ्या! शेला, नारळ, "सॉरी, सॉरी." टाळ्याच टाळ्या! मी उठलो, हात हालवले, "गुरुजी, गुरुजी!" तं लोकं म्हणे, बबनराव, खाली बसा, फोटो येऊन राह्यला.

अन् त्याच टायमाले पडदा सरकला, हिरव्या साडीत सुरभी बाहेर आली.

तुम्हाले सांगतो, तिचा चेहरा! "बाबा! हा नाई!"

गुरुजी हसून राह्यले. "हव हव!"

"बाबा, हा टिम आहे! हा अमेरिकेचा! हा नाई!"

"हव हव, बस बाई, बस!"

तवर त्या टिमलेही काही समजलं. तो पांढराफटक! खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून फोटो काढला, अन् अण्णाजीच्या हातात देल्ला. अण्णाजीनं चष्मा वर केला, फोटो दूर धरला, जवळ धरला, अन् ओरडले, "अरे अच्युत! याले तं बायको आहे! अन् दोन पोरी!"

बायकांमध्ये जो कल्ला झाला! कोणी तोंडाले पदर लावला, कोणी म्हणे पोलिसाले बोलवा, अन् गुरुजी मधात उभे, याच्याकडं पाहे, त्याच्याकडं पाहे, "काय? काय म्हणते? कोण म्हणते?" तवा मागच्या दारातून तो दाढीवाला आला, हातात कुऱ्हाड तशीच, सारं एका नजरेत पाह्यलं, कुऱ्हाड खाली ठेवली, अन् असा ओरडला का बसस्टॉपवर ऐकू गेलं असन, "बाबा! मी! मी रॉस! मी कॅनडा! टिम अमेरिका!"

हे मात्र गुरुजीले ऐकू आलं.

गुरुजीनं एकदा पोरीकडं पाह्यलं. मंग मागं निघून गेले, कापसाची गंजी लागली आहे तिथं, अन् बाजेवर बसले, आमच्याकडं पाठ करून.

सुरभी जाऊन राह्यली, तं रॉसनं तिले हातानंच थांबवलं. तो गेला. उजव्या बाजूनं बसला. मागून आम्ही, म्हणजे पोरगी, पद्मावैनी, अन् मी. मी कायले गेलो? शेजारी आहो ना बाप्पा! तो बोलला इंग्रजीत, मोठ्यानं पण हळूहळू, अन् पोरगी मराठीत सांगे. त्याचा बाप गव्हाचा कास्तकार. चाळीस वर्षं ट्रॅक्टरवर, त्या आवाजानं कान गेले. कोणाले सांगतलं नाई. लाज वाटे. मंग मित्रांसंगं चहाले जाणं सोडलं, मंग घरात बोलणं सोडलं. पाच वर्षं घरातले समजे का बाप तिरसट झाला. "मी मुळात इतका मोठ्यानं बोलत नाई बाबा, घरी बापासंगंच असा बोलतो. काल दारात तुम्ही उजवा कान पुढं केला अन् माह्या ध्यानात आलं. तुमचा डावा कान…"

"कोण म्हणते?" गुरुजी कडाडले.

मंग ते कडाडणं कुठं गेलं कोणास ठाऊक. माणूस एकदम लहान दिसाले लागला. म्हणे, "दोन वर्षं झाले." मंग पोरीकडं पाह्यलं. "तू फोन करते, तं अर्धं मले समजतच नाई. हव हव करत राहतो. पण ठेव म्हणावंसंही वाटत नाई."

पोरगी तिथंच मटकन खाली बसली, बापाच्या पायापाशी. अन् पद्मावैनी म्हणे, "अन् मले वाटे, माह्याशी बोलाचा कंटाळा आला तुम्हाले." माहं तुम्हाले सांगतो, कापसाचं काहीतरी डोळ्यात गेलं.

तितक्यात रॉस म्हणे, "सॉरी, बाबा."

अन् गुरुजी ताडकन उभे! डोळे पुसले नाई, नाक पुसलं नाई, माहा दंड धरला. "बबनराव! म्हटला! म्हटला ना सॉरी? कॅनडाचाच आहे! शंकाच नाई!"

मंग काय? परत पाट, परत टिळा. टोपी रॉसच्या डोक्यात जाईच नाई, दिवसभर नुसती वर ठेवली होती, पणतीसारखी. साऱ्यात मोठ्यानं टाळ्या कोण वाजवून राह्यला? टिम! अण्णाजीनं पोरीकरवी त्याले इचारलं, "काय रे बाबा, तू अमेरिकेचा, मंग असा मुका काऊन?" तो म्हणे मिनेसोटा म्हणून आमचा भाग आहे, कॅनडाले अगदी लागून, तिकडं सारे असेच. गुरुजीनं लगेच उत्तर देल्लं, "म्हणजे मूळ कॅनडाचाच! अमेरिकेनं बांध कोरला असन!"

कानाची मशीन आणली वर्ध्याहून. पोरगी स्वतः घेऊन गेली. पण गुरुजी घालते कुठं? डब्बीत ठेवली. म्हणे, मशीन लावली का पद्मा लयच ऐकू येते. अन् दर रविवारी सकाळी व्हिडिओवर रॉसचा बाप अन् गुरुजी! त्याचीही मशीन डब्बीत. त्याले मराठी येत नाई, यांचं इंग्रजी नकाशापुरतं, अन् दोघंही ओरडून राह्यले दोन दोन तास, गहू, तूर, माती, पाऊस! काय समजते कोणास ठाऊक, पण हसते किती! अन् भिंत कोणाची? माही! लग्नाले तो बाप महिनाभरासाठी येणार आहे, अन् गुरुजीच्या घरी जागा नाई, तं उतरणार कुठं? सांगा तुम्हीच!

धुरपता म्हणे, घरात इतका कापूस आहे, घाला ना कानात. घातला मागच्या रविवारी. अन् गुरुजीनं भिंतीवरून तीन हाका मारल्या म्हणे, मले ऐकू आल्या नाई. तं आता पानटपरीवर, डेअरीवर, जिथं जाईन तिथं गुरुजी सांगून राह्यले, "लिहून घ्या, आंजीचा कास्तकार, कानानं कमी!" अन् लोकं मान हालवून राह्यले बाप्पा. मीही हालवतो आता… हव हव!